दोन लाखांची रेघ : रोख रक्कम, कायदा आणि नागरिक



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने आयकर कायद्यात कशाला नाक खुपसावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण 'स्वातंत्र्य' हा शब्द आम्ही वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला, आणि त्याचा अर्थ शेवटी माणसाच्या खिशापाशी येऊन तपासावा लागतो, असे आमचे मत झाले आहे. म्हणून आज एका कलमाची चिकित्सा करायची आहे.

आधी कलम काय म्हणते ते नीट पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१७ च्या वित्त कायद्याने '२६९ एसटी' हे कलम घातले. ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. कोणाही व्यक्तीने दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायची नाही. हे मोजायचे तीन प्रकारांनी : एका माणसाकडून एका दिवसात मिळून, एका व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी एका माणसाकडून. मोडले तर दंड किती? जेवढी रक्कम घेतली तेवढा. म्हणजे सगळीच गेली. आणि दंड कोणाला? घेणाऱ्याला. सरकार, बँका आणि टपाल बचत बँक यांना सूट आहे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद पुढे चालू ठेवली आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने दिल्याचा दावा एखाद्या खटल्यात आला, तर न्यायालयाने ते आयकर खात्याला कळवावे.

हे कलम एका रात्रीत आलेले नाही. काळ्या पैशावर नेमलेल्या, न्यायमूर्ती एम. बी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विशेष तपास पथकाने २०१६ मध्ये तीन लाखांवरच्या रोख व्यवहारांना बंदी सुचवली होती. अरुण जेटली यांच्या अर्थसंकल्पातही आकडा तीन लाखांचाच होता. विधेयक मंजूर होता होता तो दोन लाखांवर आला.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. घर घ्यायला गेलेल्या नोकरदार माणसाला 'किती चेकने, किती रोख?' हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, असे शहर महाराष्ट्रात सापडायचे नाही. तिथे रोख हे स्वातंत्र्य नसते, ती सक्ती असते. विकणाऱ्याचा कर चुकतो, घेणाऱ्याच्या हातात पुरावा राहत नाही, आणि जो पगारदार मुकाट्याने कर भरतो त्याच्यावर सगळा भार येतो. अशा वेळी 'साहेब, कायद्याने घेता येत नाही तुम्हाला' असे म्हणण्याचे बळ या कलमाने दिले असेल, तर ते चांगलेच आहे. तेव्हा कोणतीही मर्यादा म्हणजे जुलूम, असे आम्ही म्हणणार नाही. जॉन स्टुअर्ट मिलचा निकषही दुसऱ्याला होणाऱ्या अपायापाशी स्वातंत्र्याला थांबवतोच, आणि करचुकवेगिरी हा दुसऱ्याला अपायच आहे.

प्रश्न असा, की हे कलम त्या अपायाला पकडते का?

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगितले आहेत. अतिव्याप्ती म्हणजे लक्षण जिथे लागू नको तिथेही लागते. अव्याप्ती म्हणजे जिथे लागू व्हायला हवे तिथे लागत नाही. 'शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय' म्हटले की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'पांढरा प्राणी म्हणजे गाय' म्हटले की कपिला बाहेर राहते, ही अव्याप्ती. आता 'दोन लाखांची रोख म्हणजे काळा पैसा' हे लक्षण या कसोटीवर घासून पाहू.

अतिव्याप्ती आधी. समजा, मुलाने बँकेतून स्वतःच्या पगाराचे सव्वादोन लाख काढले आणि घराच्या डागडुजीसाठी आईच्या हातात ठेवले. पैशावर कर भरलेला, नाते आई-मुलाचे, लपवाछपवी कसलीच नाही. आयकराच्या दृष्टीने ही भेट करमुक्तही आहे. तरीही आईने कलम मोडले, कारण नातेवाइकांना यात सूट नाही. दुसरे उदाहरण लग्नाचे. मांडव, जेवणावळ आणि सजावट एकाच कंत्राटदाराकडे असली, तर साखरपुड्याचे ऐंशी हजार, हळदीचे पन्नास आणि लग्नाचे नव्वद 'एकच प्रसंग' म्हणून एकत्र मोजले जाऊ शकतात. कंत्राटदाराने प्रत्येक पावती दिली, हिशेबात दाखवली, कर भरला, तरी दोष उरतोच. पुरेसे आणि योग्य कारण दाखवले तर दंड होणार नाही, अशी पळवाट कायद्यात आहे, हे खरे. पण अहो, सिद्ध कोणी करायचे? घेणाऱ्याने. कर बुडाला हे खात्याने दाखवायचे नाही. पैसे कोणत्या रूपात घेतले, हाच गुन्हा. साध्य आणि साधन यांची इथे अदलाबदल झाली आहे.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये जो नियम केला तो तुलनेला घ्या. दहा हजार युरोंची मर्यादा २०२७ च्या जुलैपासून लागू व्हायची आहे. पण धंद्याशी संबंध नसलेल्या दोन व्यक्तींमधले देणेघेणे त्यांनी तीतून वगळले आहे. तिथे नियम दुकानाच्या दारापाशी थांबतो. आपला माजघरापर्यंत येतो.

आता अव्याप्ती. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. रिझर्व्ह बँकेनेच नंतर सांगितले, की १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटींच्या नोटा परत आल्या, म्हणजे ९९.३ टक्के. याचे दोनच अर्थ संभवतात. एक तर काळे धन नोटांच्या रूपात फारसे नव्हतेच, जमिनीत, सोन्यात, बेनामी मालमत्तेत होते. किंवा होते, आणि बँकेच्या दारातून राजरोस आत आले. कोणताही अर्थ घ्या, नोटेवर नेम धरून काळ्या पैशाला गोळी लागत नाही. खोटी बिले आणि नावापुरत्या कंपन्या यांचे व्यवहार चेकनेच होतात.

बरे, मग रोख पैशात स्वातंत्र्य ते कोणते? काही मंडळी म्हणतात, 'लपवण्यासारखे नसेल तर भीती कशाची?' हा युक्तिवाद आम्हाला फार उथळ वाटतो. घराला दार असते ते आत चोरी चालते म्हणून नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे हे कलम लागू झाल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. माणूस पैसे कोणाला देतो यावरून त्याचा आजार कळतो, श्रद्धा कळते, वैर आणि माया कळते.

पण आमचा मुख्य मुद्दा खासगीपणाच्याही पलीकडे आहे. गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने १९०० साली पैशाच्या तत्त्वज्ञानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला एक विचार असा, की धान्याने आणि सेवेने देणे फेडणारा माणूस धन्याशी बांधलेला राहतो, आणि तेच देणे पैशात फेडता आले की तो सुटतो. हे समजायला जर्मनीला जायची गरज नाही. आपल्याकडे बलुते होते. वर्षभर राबायचे आणि खळ्यावर जाऊन वाट्याचे धान्य मागायचे. देणाऱ्याची मर्जी सांभाळायची. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, तेव्हा बलुत्याचे रूपांतर पैशातल्या करात करावे, अशी तरतूद त्यात होती. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केलेला हा अर्थशास्त्रज्ञ होता. पैसा हातात आला, की मर्जी संपते आणि हक्क सुरू होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

रोखीचे स्वातंत्र्य ते हेच. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसऱ्याची परवानगी लागत नाही. श्रीमंताला याची फारशी गरज नसते, त्याच्याकडे सनदी लेखापाल असतात, वकील असतात. गरज पडते ती सासरी न सांगता चार पैसे बाजूला ठेवणाऱ्या बाईला आणि बँकेतल्या साहेबापुढे उभे राहायला बिचकणाऱ्याला.

आता हा तिसरा, म्हणजे बँक, मध्ये आणून बसवायचा असेल, तर त्याच्या भरवशाची हमी कोणी द्यायची? कलम लागू झाले त्या दिवशी, १ एप्रिल २०१७ ला, बँक बुडाल्यास ठेवीला विम्याचे संरक्षण किती होते? एक लाख रुपये. १९९३ पासून तेवढेच. म्हणजे शासन एका हाताने सांगते, दोन लाख हातात घेऊ नका, बँकेत घ्या. आणि दुसऱ्या हाताने सांगते, बँक बुडाली तर आम्ही एक लाखाचेच धनी. फेब्रुवारी २०२० मध्ये हे संरक्षण पाच लाखांवर गेले. पण त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पहिल्या आदेशानुसार सहा महिन्यांत खात्यातून काढता येणारी रक्कम होती एक हजार रुपये. मर्यादा पुढे वाढत गेली, पण मुंबईत शाखांबाहेर उभे असलेले वृद्ध ठेवीदार आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यांनी तर कायदा तंतोतंत पाळला होता. पैसा पांढरा होता, खात्यात होता, आणि त्यांचा नव्हता.

कलमाची मर्यादा सरकारने स्वतःही एकदा मान्य केली आहे. २०२१ च्या कोविड लाटेत ७ मे रोजी अधिसूचना काढून १ एप्रिल ते ३१ मे या काळापुरती, कोविड रुग्णांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांना दोन लाखांवर रोख घ्यायला मुभा दिली. रुग्णाचा आणि पैसे देणाऱ्याचा पॅन किंवा आधार आणि त्यांचे नाते नोंदवायची अट घातली. शहाणपणाचा निर्णय होता. पण मग हेच सूत्र कायमचे का नको? ओळख नोंदवा, पावती द्या, रोख घ्या. कॅन्सर काय अधिसूचना बघून येतो?

एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या २०१७ च्या वित्त कायद्याने नागरिकाला पारदर्शकतेचा हा धडा दिला, त्याच कायद्याने निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली. देणगीदाराचे नाव मतदारापासून झाकलेले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. पण सात वर्षे या देशात आईने मुलाकडून घेतलेल्या सव्वादोन लाखांचा हिशेब शासनाला हवा होता, आणि पक्षाला मिळालेल्या कोटींचा हिशेब जनतेला मिळत नव्हता. पारदर्शकता हे तत्त्व असेल, तर ते खालून वर आणि वरून खाली दोन्हीकडे लागू हवे.

शेवटचा दोष मुकाट्याने वाढणारा आहे. कायद्यात आकडा लिहिला जातो, महागाई थांबत नाही. कर्ज किंवा ठेव वीस हजार वा अधिक रोखीने घेऊ नये, हे '२६९ एसएस' कलम १९८४ चे. वीस हजारांचा आकडा १९८९ पासून हललेला नाही. तेव्हा दहा ग्रॅम सोने तीन-साडेतीन हजारांच्या घरात होते, वीस हजारांत पाच-सहा तोळे येत. आज दोन ग्रॅमसुद्धा येत नाही. कोणी दुरुस्ती केली नाही, संसदेत चर्चा झाली नाही, आणि बंधन कित्येक पट घट्ट झाले. दोन लाखांचेही तेच होईल.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात. मर्यादा राहू द्या, विशेषतः जमीन आणि घरांच्या व्यवहारात. पण जवळच्या नात्यातले देणेघेणे आणि रुग्णालयाचे बिल, ओळख नोंदवून, तीतून वगळा. कर बुडालेला नसेल तिथे दंड रकमेइतका नको, नाममात्र ठेवा. आकडा महागाईशी जोडा. आणि ज्या बँकेत आम्हाला सक्तीने पाठवता, तिथल्या पूर्ण ठेवीची जबाबदारी घ्या. सक्ती करणाऱ्यावर हमीचे ओझे येते, हा न्यायाचा साधा नियम आहे.

नागरिक आणि संशयित यांच्यात एक रेघ असते. ती कायद्याने आखताना माणसाच्या हातात काय आहे याआधी त्याने काय केले आहे, हे पाहावे, इतकीच अपेक्षा. प्रश्नोत्तरांना वेळ राखून ठेवायचा आहे, म्हणून इथे थांबतो. विरोधी मते असतील तर ती आधी विचारावीत, त्यांचे आम्हाला अधिक अगत्य आहे. नमस्कार.