म्युझिक व्हिडिओतील प्रकारसंकेत : पालन आणि प्रतिवाद (लखनौच्या मुजऱ्याच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

माध्यम अभ्यासाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना बहुधा असे काम दिले जाते : चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ तयार करा, त्यात निवडलेल्या प्रकाराचे संकेत पाळा आणि त्यांना आव्हानही द्या. यातला पहिला भाग सोपा आणि दुसरा अवघड, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात आव्हान देण्याची हौस सर्वांनाच असते. संकेत नीट पाळणे मात्र फार थोड्यांना जमते. जो संकेत पडद्यावर उभाच राहिला नाही, तो मोडला तरी प्रेक्षकाला कळणार कसे?

या पाठात आपण लखनौशी जोडलेला एक प्रकार घेऊ : कोठ्यावरची मैफल, म्हणजेच मुजऱ्याचे गीत. मुझफ्फर अली यांच्या 'उमराव जान' (१९८१) या चित्रपटातील गीतांच्या आधारे संकेत कसा पाळला जातो आणि कुठे मोडला जातो ते तपासू. त्यानंतर आजच्या विद्यार्थ्याने या प्रकारात काय करावे याचा विचार करू.

२. दोन संकल्पना

स्टीव्ह नील यांनी चित्रपटप्रकाराचे वर्णन पुनरावृत्ती आणि भिन्नता यांची सांगड असे केले आहे. प्रेक्षकाला ओळखीचे हवे असते आणि त्यात काही नवेही हवे असते. रिक ऑल्टमन यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात प्रकाराचे दोन स्तर सांगितले. पहिला घटकांचा : वेशभूषा, स्थळ, वाद्ये, पात्रे. दुसरा रचनेचा : हे घटक एकमेकांशी कोणत्या नात्याने बांधले आहेत. भाषेची उपमा द्यायची तर पहिला स्तर शब्दसंग्रहाचा, दुसरा व्याकरणाचा.

अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये खास म्युझिक व्हिडिओचा विचार केला. गीताचे शब्द आणि दृश्य यांचे नाते तीन प्रकारचे असू शकते, असे ते म्हणतात. दृश्य शब्दांचा अर्थ जसाच्या तसा दाखवते, किंवा त्या अर्थात भर घालते, किंवा त्याच्याशी फारकत घेते. व्हिडिओत कोण कोणाकडे पाहते, या मुद्द्यालाही त्यांनी महत्त्व दिले आहे. मुजऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा कळीचा आहे.

३. मुजऱ्याचे संकेत

घटक सर्वांच्या परिचयाचे आहेत : पांढरी चादर किंवा गालिचा, लोड-तक्के, झुंबर, सारंगी-तबला, घुंगरू, अत्तरदाणी, पानाचा तबक, गझल किंवा ठुमरी. रचनाही ठरलेली असते. ती नाचते, तो बसून पाहतो. कॅमेरा त्याच्या बाजूला असतो, मग तिच्या चेहऱ्याजवळ जातो, मग पुन्हा त्याच्या दादेकडे वळतो. पैसा त्याच्याकडून तिच्याकडे जातो आणि दुःख तिच्या वाट्याला येते. कमाल अमरोही यांच्या 'पाकीझा'मध्ये (१९७२) ही रचना टोकाला जाते. अखेरच्या मैफलीत नायिका फुटलेल्या काचांवर नाचते आणि तिच्या वेदनेचेच एक दृश्य होते.

आपल्याकडच्या लावणीपटाशी हे ताडून पाहावे. फड, ढोलकी, नऊवारी, फेटेवाले प्रेक्षक हे घटक निराळे आहेत, पण पाहण्याचे व्याकरण जवळपास तेच आहे.

४. 'उमराव जान' : संकेत कुठे मोडतो?

मिर्झा हादी रुसवा यांच्या १८९९ च्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. संगीत खय्याम यांचे, गझला शहरयार यांच्या. सुरुवातीच्या मैफलींत चित्रपट संकेत मनापासून पाळतो. रेखाची अदा, झुंबरांचा प्रकाश, नवाबाची नजर, सारे जागच्या जागी आहे. तरीही एक बदल कानाला जाणवतो. खय्याम यांनी आशा भोसले यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले. हिंदी चित्रपटात आशाताईंच्या ज्या चपळ, खेळकर आवाजाची श्रोत्यांना सवय होती, तो इथे संथ आणि विचारी झाला. डोळ्यांना दिसणारी स्त्री रिझवण्यासाठी उभी आहे. कानाला ऐकू येणारी स्त्री स्वतःशी बोलते आहे. गुडविन यांची फारकत इथे शब्द आणि दृश्य यांच्यात नसून आवाज आणि दृश्य यांच्यात आहे. याच चित्रपटातील गायनासाठी आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

खरा प्रतिवाद येतो तो शेवटच्या मुजऱ्यात. उमराव लहानपणी जिथून पळवली गेली त्या फैजाबादेत, आपल्याच जुन्या घरासमोर ती गाते. या दृश्यातले घटक मोजून पाहावेत. गालिचा आहे, साजिंदे आहेत, पोशाख आहे, गझल आहे, प्रेक्षकही आहेत. एकही घटक वगळलेला नाही. बदलले आहे ते नाते. आता पाहणाऱ्यांत आडोशाने उभी असलेली तिची आई आहे. उपभोगाची नजर ओळखीची नजर होते आणि तीच अधिक असह्य ठरते. गाणे आता नवाबासाठी राहिलेले नाही. ते घराला विचारलेल्या प्रश्नासारखे ऐकू येते. नाच मंदावतो, कारण आता रिझवायचे कोणाला?

ऑल्टमन यांच्या भाषेत, दिग्दर्शकाने शब्दसंग्रह तोच ठेवून व्याकरण बदलले. आधीच्या मैफलींत संकेत पूर्णपणे पाळला गेल्यामुळेच हा बदल प्रेक्षकाला जाणवतो. पालन ही प्रतिवादाची पूर्वतयारी असते, ती अशी.

मराठीत 'नटरंग' (२०१०) हेच करतो. फड, ढोलकी आणि नाचाचा थाट रवी जाधव यांनी बाजूला सारलेला नाही. पण नाच्याच्या भूमिकेत पैलवानकी केलेल्या पुरुषाचे शरीर उभे केल्यावर फडावरच्या नजरेचा अर्थ बदलतो.

५. चित्रपटाची मर्यादा

तरीही 'उमराव जान' एका संकेताला हात लावत नाही. तवायफ म्हणजे मूलतः फसवली गेलेली, अखेर एकाकी उरणारी स्त्री, हा तो संकेत. इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी लखनौच्या १८५८ ते १८७७ या काळातील नगरपालिकेच्या करनोंदी तपासल्या, तेव्हा सर्वाधिक उत्पन्नाच्या करदात्यांत त्यांना तवायफा आढळल्या. त्यांच्या नावे घरे, बागा, मालमत्ता होत्या. १८५७ च्या उठावात साथ दिल्याबद्दल जप्त झालेल्या मालमत्तांच्या याद्यांतही त्यांची नावे होती. पडद्यावरच्या मुजऱ्यात मात्र झुंबर दिसते. ते कोणाच्या मालकीचे आहे हे दिसत नाही.

दुसरी गोष्ट मराठी विद्यार्थ्याला अधिक जवळची आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झाले. पुढे श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. कैसरबागेतल्या ज्या परीखान्याशी या संस्थेचे नाव जोडलेले आहे, तिथे नवाब वाजिद अली शाह यांच्या काळात स्त्रियांना गाण्या-नाचण्याची तालीम मिळत असे. वर्गात आल्यामुळे संगीत घरंदाज मुलामुलींना खुले झाले. हा लाभ लहान नाही. पण ज्या स्त्रियांनी ही गायकी कोठ्यावर जपली, त्यांची नावे अभ्यासक्रमात मागे पडली. परीखाना तोच राहिला, मात्र तिथे कोण शिकते आणि कोणाला मान मिळतो हे बदलले. लखनौत आज कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला या बदलाकडे पाठ फिरवता येणार नाही.

६. प्रत्यक्ष काम : एक आराखडा

समजा, तीन कडव्यांच्या एका नव्या, स्वतः लिहिलेल्या गझलेवर व्हिडिओ करायचा आहे. नेहमी दिसणारी चूक अशी : रूमी दरवाजासमोर अनारकली घातलेली मुलगी, खाली हिप-हॉपचा ठेका, डोळ्यांवर काळा चष्मा. यात दोन प्रकारांचे घटक शेजारी ठेवले आहेत, पण पाहण्याचे नाते जुनेच आहे. हा प्रतिवाद नव्हे, पोशाखबदल आहे.

त्याऐवजी असा क्रम करून पाहावा.

पहिले कडवे : संकेत संपूर्ण पाळा. कॅमेरा बसलेल्या श्रोत्याच्या उंचीवर ठेवा. गायिका, दाद, पुन्हा गायिका अशी जोडणी करा. इथे उपरोध नको.

दुसरे कडवे : एकच गोष्ट हलवा. कॅमेरा साजिंद्यांच्या मागे न्या, म्हणजे गायिका जे पाहते ते प्रेक्षकाला दिसेल. श्रोता आता पाहिला जातो आहे.

तिसरे कडवे : मैफल संपली आहे. तीच खोली, तेच झुंबर. गायिका वही उघडून जमाखर्च लिहिते, साजिंद्यांचा वाटा मोजते, घरपट्टीची पावती ठेवते. गाणे चालूच आहे, पण ओठ हलत नाहीत. शब्द विरहाचे, दृश्य हिशेबाचे. फारकत साधली आणि ओल्डनबर्ग यांनी शोधलेली करदाती स्त्री एकही निवेदन न देता पडद्यावर आली.

खर्चाची चिंता नको. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' आयपॅडवर केले. रॅपची ऐट त्याने पूर्ण पाळली. श्रीमंती थाटाच्या जागी आपली गल्ली ठेवली आणि त्या ऐटीचा अर्थ बदलला. मात्र रेसिडेन्सीसारख्या संरक्षित स्मारकात चित्रीकरण करायचे असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी आधी घ्यावी. वरील आराखड्याला एक खोली पुरते.

७. मूल्यमापनाविषयी

व्हिडिओसोबत टिपण जोडावे लागते. तिथे 'आम्ही पुरुषी नजरेला आव्हान दिले' असे लिहिणे सोपे असते. परीक्षा अशी घ्यावी : टिपण न वाचलेल्या मित्राला आवाज बंद करून व्हिडिओ दाखवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याने प्रकार ओळखला पाहिजे, आणि संपल्यावर नेमके काय खटकले ते त्याला सांगता आले पाहिजे. पहिले जमले नाही तर पालन कच्चे आहे, दुसरे जमले नाही तर प्रतिवाद फक्त टिपणातच आहे.

८. सारांश

प्रकाराचे घटक बदलणे सोपे असते. नाते बदलणे हा खरा प्रतिवाद. 'उमराव जान'ने मैफलीचा एकही घटक न काढता पाहण्याचा अर्थ बदलला, पण तवायफेची मिळकत आणि मालकी पडद्याबाहेरच ठेवली. ती जागा अजून मोकळी आहे. विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करावी.

स्वाध्याय

१. आपल्या भागातील एखादा गीतप्रकार (लावणी, कोळीगीत, कजरी, बिहू) निवडा. त्याचे घटक आणि रचना यांची स्वतंत्र यादी करा.

२. 'उमराव जान'मधील पहिल्या आणि शेवटच्या मुजऱ्यात कोण कोणाकडे पाहते, याचा शॉटनिहाय तक्ता तयार करा.

३. आवाजाची पट्टी बदलल्याने प्रकारसंकेत मोडू शकतो काय? उदाहरणासह २०० शब्दांत लिहा.