लिहून देणार, लिहून घेणार

जमिनीच्या मालकीचा तंटा साहित्यात आला की वाचकाने एका पक्षाचे वकीलपत्र आधीच घेतलेले असते. ज्याची जमीन गेली तो आपला आणि ज्याने घेतली तो परका, असा हा न लिहिलेला कायदा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘दुई बिघा जमि’ ही १८९५ सालची कविता, तिच्यावरून नाव घेतलेला बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) हा चित्रपट आणि आंतोन चेखव यांचे ‘चेरीची बाग’ (१९०४) हे नाटक, या तीन कृती एकीपुढे एक ठेवून पाहिल्या असता ते वकीलपत्र आपल्या हातून हळूहळू कसे सुटत जाते, हे सुज्ञ वाचकांपुढे मांडण्याचा आमचा मानस आहे.

ठाकुरांच्या कवितेतील उपेनचे सर्वस्व कर्जात गेलेले आहे. उरली आहेत ती दोन बिघे. बंगालच्या मापाने दोन बिघे म्हणजे आपले सुमारे सव्वीस-सत्तावीस गुंठे. जमीनदारबाबूला आपली बाग लांबीरुंदीस सारखी करावयाची आहे, म्हणून तो हा तुकडा विकत मागतो. उपेन सात पिढ्यांचे नाते सांगून नकार देतो. दीड महिन्याच्या आत खोट्या कर्जाच्या खतावर हुकूमनामा होतो आणि उपेन साधूचा शिष्य बनून देशोधडीस लागतो. येथे कवीने निवाड्याचे काम फारच सोपे करून ठेवले आहे. खतच खोटे म्हटल्यावर वाचकाला ठरवावयाचे असे काय उरले?

कवितेचे खरे सामर्थ्य आम्हांस दिसते ते पुढच्या भागात. पंधरा-सोळा वर्षांनी उपेन गावी परततो, तेव्हा त्याला प्रथम राग येतो तो बाबूचा नव्हे, जमिनीचा. नव्या धन्याच्या फुलाफळांनी ती नटली आहे आणि जुन्या धन्याची एकही खूण तिने अंगावर ठेवलेली नाही, म्हणून तो तिला निर्लज्ज ठरवितो. या कडव्यांवर रसिक सहसा रेंगाळत नाहीत. ती त्यांना अडचणीची वाटत असावीत. परंतु ज्याने विकलेल्या किंवा गमावलेल्या वाडीच्या कुंपणाबाहेर उभे राहून आत पाहिले आहे, त्याला हा राग परिचयाचा आहे. जमीन धन्याला ओळखत नाही, ती केवळ खतपाण्याला ओळखते, हे सत्य सहन होण्यासारखे नाही. म्हणून तर जुन्या आंब्याखाली बसलेल्या उपेनच्या पुढ्यात वाऱ्याच्या झोताने दोन आंबे पडतात, तेव्हा आईने आपल्याला ओळखले असे तो मानून घेतो. पाठोपाठ माळी येतो आणि त्याला बाबूपुढे नेतो. दोन आंब्यांपायी जुना मालक चोर ठरतो.

चित्रपटाची कथा सलील चौधुरी यांची. तिच्यात बाबूच्या बागेच्या जागी गिरणी आली आहे. शंभू महातोच्या हिशेबी पासष्ट रुपयांचे असलेले कर्ज जमीनदाराच्या कागदावर दोनशे पस्तीस होते, न्यायालय तीन महिन्यांची मुदत देते आणि शंभू कलकत्त्यास जाऊन हातरिक्षा ओढू लागतो. बलराज साहनी यांच्या अभिनयाविषयी नव्याने काही लिहावे असे उरलेले नाही. आमचे लक्ष शेवटाकडे आहे. लिलाव झालेल्या जमिनीवर बांधकाम चालू असताना शंभू मूठभर माती उचलतो आणि रखवालदार तीही टाकावयास लावतो. आंब्याची जागा मातीने घेतली, परंतु चोरीचा आळ तोच राहिला. दृश्य हृदय पिळवटणारे आहे, हे कोण नाकारील? तरीही आमची एक तक्रार आहे. खरेदीदार येथेही लबाडच असल्याने प्रेक्षक रडतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो. त्याच्या स्वतःच्या कपाटातील खरेदीखताला या अश्रूंची ओल लागत नाही.

ती लागते चेखवपाशी. त्याचा लोपाखिन हा खरेदीदार लबाड नाही, हीच नाटकाची खरी अडचण आहे. बाग कर्जात आहे, लिलाव २२ ऑगस्टला ठरला आहे, आणि मालकीण राणेव्स्काया हिला वाचण्याचा मार्ग सांगणारा हाच एकटा मनुष्य आहे. झाडे तोडा, जमिनीचे तुकडे पाडा, उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने द्या, वर्षाला निदान पंचवीस हजार रूबल येतील, असे तो पुनःपुन्हा विनवितो. ती ऐकत नाही. उन्हाळी बंगल्यांची कल्पना तिला ग्राम्य वाटते, पण कर्ज काढून पॅरिसला राहणे वाटले नव्हते. अखेर कर्जावर नव्वद हजारांची बोली देऊन लोपाखिनच बाग घेतो. ज्या घरात त्याच्या बापाला आणि आजोबाला दास म्हणून स्वयंपाकघरापर्यंतही प्रवेश नव्हता, ते घर आता त्याचे झाले आहे. तो नाचतो, वाद्ये वाजवा म्हणतो आणि दुसऱ्या क्षणी, तुम्ही माझे का ऐकले नाही म्हणून त्याच बाईपुढे रडतो. या रडण्यात खोट शोधण्याचा प्रयत्न आम्ही अनेक वाचनांत केला. ती सापडली नाही. मात्र याच सज्जनाला जुने मालक घराबाहेर पडेपर्यंत कुऱ्हाडी थांबविण्याचे भान राहत नाही, हेही चेखव लपवीत नाही. त्याने या नाटकास सुखात्मिका म्हटले आणि स्तानिस्लाव्स्कीने ते शोकात्मिका म्हणून उभे केले. हा वाद आम्हांस निव्वळ रंगभूमीचा वाटत नाही. कोणाच्या बाजूस बसून पाहावयाचे, हाच तो प्रश्न आहे.

आणि मालकी नेमकी कोणापासून मोजावयाची? विद्यार्थी त्रोफिमोव राणेव्स्कायाच्या मुलीला सांगतो की तुझ्या पूर्वजांची मालकी जिवंत माणसांवर होती. प्रत्येक झाडाआडून ती माणसे तुझ्याकडे पाहत आहेत. दासमुक्ती १८६१ ची. म्हणजे लोपाखिनची खरेदी ही एका अर्थी जुन्या घामाची उशिराची पावती आहे. आपल्या वसईच्या वाचकाने येथे थोडे थांबावे. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या गेल्या, बावखले बुजली, यावर आपल्याकडे कविता आणि कथा पुष्कळ झाल्या, आणि दुःख खरेच आहे. परंतु १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणारे कूळ कायद्यानेच खरेदीदार ठरले. ‘३२ म’चे प्रमाणपत्र ज्या घरात जपून ठेवलेले आहे, त्या घराच्या दृष्टीने आपण लोपाखिन होतो, ज्यांची मालकी त्या दिवशी गेली, त्यांच्या घरीही कोणी राणेव्स्काया रडली असेल. पुढे आपणच इसार घेतला, बहिणींची हक्कसोडपत्रे घाईने लिहून घेतली, आणि भाव चढल्यावर फसविले गेल्याची भाषा बोलू लागलो. काही व्यवहारांत फसवणूक आणि धाकदपटशाही होती. सर्वच व्यवहारांत ती होती असे आमच्या धर्मग्रामीय अनुभवास आलेले नाही. आमच्या वाचनात आलेल्या कथांत मात्र घेणारा हटकून बाबू किंवा ठाकूर असतो. लोपाखिन अजून कोणी लिहिला नाही.

जुन्या इस्राएलच्या विधीत, लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात, विकणाऱ्यास जमीन सोडवून घेण्याचा हक्क आहे, आणि पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जाते. किंमतही पुढच्या त्या वर्षापर्यंत किती पिके निघतील यावरून ठरावयाची. म्हणजे विकली जातात ती पिके. ठाकुरांच्या बंगालमध्ये किंवा चेखवच्या रशियात अशी सोय नव्हती, म्हणूनच तेथे कवी आणि नाटककार यांना लिहावे लागले, असे गमतीने म्हणता येईल.

आपल्या खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोनच पक्ष असतात. ठाकुरांच्या कवितेत आणि बिमल रॉय यांच्या चित्रपटातही दोनच. चेखवच्या नाटकात शेवटी तिसरा मनुष्य रंगमंचावर येतो. मालक निघून गेले आहेत, खरेदीदार गाडीला गेला आहे, दारांना कुलपे लागली आहेत. म्हातारा नोकर फिर्स, ज्याला इस्पितळात पोहोचविले असे सर्वांनी गृहीत धरले, तो आतच राहिला आहे. बाहेर झाडांवर घाव पडत असताना तो आडवा होतो. आपल्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या पाणी लावणाऱ्या वारली गड्याचे, वाडी विकली गेल्यावर, काय झाले, हे विचारणारी कथा आमच्या पाहण्यात अद्याप आलेली नाही.