खिडकीतला भगवा

श्रावणातला शेवटचा सोमवार जवळ आला की अकोल्याच्या जुन्या शहरातली फ्लेक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराच्या मंदिराकडे येणार आणि प्रत्येक मंडळाला भगवा फलक हवा. एका वर्षी गल्लीतल्या मुलांबरोबर मीही अशा एका दुकानात बसलो होतो. फोटोशॉपमध्ये तासभर घोळ घालून पसंत केलेला झळझळीत भगवा फ्लेक्सवर मात्र विटकरीकडे झुकलेला उतरला. "पडद्यावर तं बराबर दिसत होता ना जी," दुकानातला मुलगा म्हणाला. ते खरेच होते. माझी तक्रार त्या मुलाबद्दल नाही, रंग निवडायच्या त्या खिडकीबद्दल आहे.

१९९० साली आलेल्या या प्रणालीच्या रंगखिडकीत एक मोठा चौकोन, शेजारी इंद्रधनुष्यासारखी पट्टी आणि उजवीकडे आकड्यांचे रकाने असतात. तांबडा, हिरवा, निळा यांना प्रत्येकी ० ते २५५ आकडे दिले की १,६७,७७,२१६ रंग होतात. पण हे रंग प्रकाशाचे आहेत. पडदा प्रकाश टाकतो, शाई प्रकाश गिळते. आणि प्रत्यक्षातली शाई जो प्रकाश परत यायला हवा तोही थोडा गिळते. भडक नारिंगी रंग नेमके इथे मार खातात. खिडकीला हे ठाऊक असते. असा रंग निवडला की उद्गारचिन्हाचा एक त्रिकोण उमटतो. पण तो इतका बारीक की आम्हा पाचजणांपैकी कोणालाच दिसला नाही. शिवाय दुकानातल्या यंत्राच्या शाईची माहिती संगणकाला दिलेली नसेल, तर तो त्रिकोण भलत्याच छापखान्याबद्दल बोलत असतो.

याहून मोठा दोष 'बी' या रकान्यात आहे. बी म्हणजे तेज, असे आपल्याला सांगितले जाते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. शुद्ध पिवळा घ्या (२५५, २५५, ०), बी १०० दिसेल. शुद्ध निळा घ्या (०, ०, २५५), बी पुन्हा १००. आता दोन्ही ठोकळे कृष्णधवल करा: पिवळा जवळजवळ पांढरा होतो, निळा काळपट. मग दोघांचे तेज सारखे कसे? उत्तर सोपे आहे. बी हा तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठा आकडा, शंभराच्या मापात मांडलेला, एवढेच. ही पद्धत १९७८ साली अल्वी रे स्मिथ यांनी मांडली. तेव्हाच्या संगणकांना ती झटपट जमे. पण आपल्या डोळ्याला जाणवणाऱ्या तेजात पडद्याच्या हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ असतो.

गंमत म्हणजे खरे उत्तर त्याच खिडकीत, 'एल' या रकान्यात आहे. १९७६ सालच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार तिथे पिवळ्याला ९७-९८ आणि निळ्याला ३० च्या आसपास आकडा मिळतो. एकाच खिडकीत दोन रकाने एकमेकांना खोटे पाडतात, आणि चौकोन उभा केला आहे तो चुकीच्या रकान्यावर! रंगीत तक्ता करून त्याची झेरॉक्स वाटणाऱ्या शिक्षकाने बी पाहिला तर पिवळी अक्षरे कागदावरून नाहीशी होतील. एल पाहिला तर वाचतील.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. चार मोजपद्धती शेजारी शेजारी ठेवणारे इतके चांगले शैक्षणिक साधन शोधूनही सापडायचे नाही. खिडकीत नाहीत ती नावे. त्या रात्री सोबतचे एक आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "शेंदरी नको, भगवा पाहिजे." मुलगा उंदीर इकडे-तिकडे फिरवत राहिला. आपल्याकडे अबोली, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली अशी किती नावे आहेत. त्यांना आकड्यांशी बांधणारा तक्ता शाळेतल्या मुलांनीही करायला हरकत नाही. कंपन्यांच्या तयार रंगसूचींवर विसंबण्यातही धोका आहेच: २०२२ साली पॅन्टोनच्या सूची फोटोशॉपमधून काढल्या गेल्या, तेव्हा वेगळे पैसे न भरणाऱ्या अनेकांच्या जुन्या चित्रांत त्या रंगांच्या जागी काळे ठोकळे दिसू लागले.

पुढच्या श्रावणात त्या दुकानात गेलो, तर गल्ल्यामागे फ्लेक्सचीच एक लांब पट्टी टांगलेली होती. तिच्यावर नारिंगी रंगाचे बारा चौकोन छापलेले होते आणि प्रत्येकाखाली शाईचे चार आकडे. आजोबांनी सातव्यावर बोट ठेवले.