थॉमसच्या हातची मोजपट्टी

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या छपरावर, मनोऱ्याच्या पायथ्याशी, तांब्याचे सोळा पुतळे होते : बारा प्रेषित आणि चार शुभवर्तमानकारांची चिन्हे. इतर प्रेषितांची तोंडे शहराकडे. एकटा संत थॉमस शहराकडे पाठ करून, मान वर करून मनोरा न्याहाळत उभा. त्याच्या हाती मोजपट्टी, आणि चेहरा एकोणिसाव्या शतकात या कॅथेड्रलचा जीर्णोद्धार करणाऱ्या व्हियोले-ल-द्यूक या वास्तुशिल्पकाराचा. ११ एप्रिल २०१९ रोजी हे सोळाही पुतळे दुरुस्तीसाठी खाली उतरवण्यात आले. चार दिवसांनी, पवित्र सप्ताहातल्या सोमवारी, छपराला आग लागली आणि मनोरा कोसळला.

थॉमस हा आपल्या देशाचा प्रेषित. त्याची ती जुनी कथा वाचकांना ठाऊक असेलच. गोंडोफरस राजाने राजवाडा बांधण्यासाठी दिलेले धन त्याने गोरगरिबांत वाटून टाकले, आणि तुझा वाडा स्वर्गात उभा राहिला आहे, असे राजाला सांगितले. वास्तुशिल्पकारांचा आश्रयदाता संत म्हणून मान मिळाला तो या न बांधणाऱ्या बांधकाऱ्याला! आगीनंतर फ्रान्समधील धनाढ्य घराण्यांनी कोट्यवधी युरोंच्या देणग्या जाहीर केल्या, तेव्हा तिथल्याच लोकांनी थॉमसचा प्रश्न विचारला : दगडांसाठी एवढा पैसा निघतो, तर माणसांसाठी का निघत नाही? आपल्या धर्मग्रामात चर्चच्या जीर्णोद्धाराची वर्गणी निघाली की हाच प्रश्न दबक्या आवाजात ऐकू येतो. म्हणून नव्या नोत्र दामचे मूल्यमापन करताना तो बाजूला सारणे आम्हांला योग्य वाटत नाही.

प्रथम कामाविषयी. जळाली ती मुख्यतः बाराव्या-तेराव्या शतकांतील ओक लाकडाची छपराची चौकट. तुळयांच्या दाटीमुळे तिला ‘जंगल’ म्हणत. ती पुन्हा लाकडाचीच असावी, असा काही नियम नव्हता. शार्त्रच्या कॅथेड्रलचे छप्पर १८३६ मध्ये जळाले, तेव्हा तिथे लोखंडी चौकट बसवली गेली. पहिल्या महायुद्धात जळालेल्या रॅंसच्या कॅथेड्रलवर काँक्रीटची आली. दोन्ही आजही उभ्या आहेत. पॅरिसमध्ये मात्र सुमारे २००० ओक वृक्ष निवडण्यात आले, आणि मध्ययुगीन धर्तीच्या कुऱ्हाडी खास घडवून सुतारांनी ओली लाकडे हातांनी तासली. हे छप्पर दगडी कमानींच्या वर दडलेले आहे. खाली प्रार्थनेला बसलेल्या भाविकाला त्यातली एकही तुळई दिसत नाही. जे कोणाला दिसणार नाही ते इतक्या निष्ठेने करणे, हा या जीर्णोद्धाराचा आमच्या मते सर्वांत मोठा गुण होय.

मनोऱ्याविषयी आमचे मत इतके निःशंक नाही. ‘होते तसेच’ ही घोषणा ऐकायला गोड आहे. पण होते म्हणजे कोणत्या काळी? कॅथेड्रलचे काम ११६३ च्या सुमारास सुरू झाले. त्याचा मध्ययुगीन मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी दर्शनी भिंतीवरील यहुद्यांच्या राजांना फ्रान्सचे राजे समजून त्यांची मस्तके उडवली (त्यांतली एकवीस १९७७ मध्ये सापडली). १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी आली नसती, तर या जीर्ण वास्तूकडे सरकारचे लक्ष गेले असते की नाही, कोण जाणे. २०१९ मध्ये कोसळलेला ९६ मीटर उंचीचा मनोरा व्हियोले-ल-द्यूकने १८५९ मध्ये उभारलेला, म्हणजे स्वतःच एक ‘नवी भर’ होता. आगीनंतर पंतप्रधानांनी नव्या मनोऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घोषित केली होती. २०२० मध्ये तो विचार सोडून जुनाच आराखडा स्वीकारण्यात आला. आम्हांला हा निर्णय पटतो, परंतु तो प्राचीनतेच्या नावाने नव्हे. चार-पाच पिढ्यांनी ज्याच्याकडे पाहून खूण केली, त्या शंभर-दीडशे वर्षांच्या भरीलाही हक्क प्राप्त होतो, एवढेच.

आणि नेमका हाच हक्क खिडक्यांच्या बाबतीत नाकारला जात आहे. दक्षिणेकडील सहा उपवेद्यांच्या खिडक्यांतील व्हियोले-ल-द्यूकच्या काळच्या काचा आगीतून सुखरूप वाचल्या. त्या काढून समकालीन काचा बसवाव्यात, असे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी २०२३ च्या डिसेंबरात सुचवले. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय वारसा आयोगाने एकमताने विरोध नोंदवला. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये क्लेअर ताबुरे या चित्रकर्त्रीची निवड झाली. विषय आहे पेंटेकॉस्ट. आमचा आक्षेप चित्रकर्त्रीला नाही, नवतेलाही नाही. गियोम बार्दे यांनी घडवलेली काशाची नवी वेदी नवीच आहे, आणि तिचा साधेपणा आम्हांला मनापासून भावला. पण जुनी वेदी ढिगाऱ्याखाली चिरडली गेली होती, तिच्या जागी काहीतरी येणे भाग होते. जळाले ते ‘होते तसेच’ बांधायचे आणि वाचले ते मात्र बदलायचे, ही मोजपट्टी कोणती?

धुतलेल्या भिंतींचा शुभ्रपणा पाहून अनेकजण दिपून गेले. आम्ही तो चित्रवाणीवरच पाहिला, तेव्हा जपून बोलतो. शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांची काजळी गेली. बांधणाऱ्यांनी पाहिला तो असाच उजळ दगड, हे खरे. तरी आजीच्या घराला नवा रंग दिल्यावर वाटते तशी किंचित हुरहुर वाटली.

आता पैशाविषयी. १५० देशांतील सुमारे ३,४०,००० देणगीदारांकडून ८४ कोटी ६० लाख युरो जमले. धनाढ्यांच्या मोठ्या रकमांबरोबर यात सामान्यांची चिल्लरही आहे. तो पैसा सुतार, पाथरवट, शिसेकाम करणारे, काचकारागीर यांच्या मजुरीत गेला. मनोऱ्याच्या टोकावरील नव्या कोंबड्याच्या पोटात सुमारे २००० कामकऱ्यांची नावे ठेवलेली आहेत. थॉमसच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे दाराशी शोधावे लागते. १९०५ च्या कायद्याने ही वास्तू राज्याच्या मालकीची आणि वापर ख्रिस्तसभेचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या संस्कृतिमंत्र्यांनी पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यावे, त्यातून देशातील इतर जुन्या चर्चांचे जतन करावे, असे सुचवले. हेतू वाईट नव्हता. पॅरिसच्या धर्मप्रांताने नकार दिला. ७ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी आर्चबिशप उलरिक यांनी, जळालेल्या छपराच्या लाकडातून घडवलेल्या आपल्या मेंढपाळकाठीने, बंद दारावर तीनदा ठोठावले; ते उघडले, आणि आत जाणाऱ्याला तिकीट काढावे लागत नाही.