पाला, चांदी आणि परजीवी : एका निष्कर्षाची चिकित्सा

वऱ्हाडात नॅनोकणांचा विषय रुजला, त्यात संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा वाटा मोठा आहे. डॉ. महेंद्र राय व सहकाऱ्यांचा चांदीच्या नॅनोकणांवरील २००९ चा समीक्षालेख जगभर उद्धृत झाला. त्याचा भर मुख्यतः जिवाणूंवर होता. पुढे हाच विचार हिवताप, काळा आजार यांसारख्या परजीवीजन्य रोगांकडे वळला आणि तेथे एक साचा रूढ झाला. कडुनिंबाचा वा तुळशीचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळावा, रंग तपकिरी व्हावा, वर्णपटात ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसावे, परजीवी मरावेत. आणि वनस्पतीची औषधी शक्ती वाढली असा निष्कर्ष काढावा.

आक्षेप या निष्कर्षावर आहे. येथे अर्क चांदीच्या आयनांचे क्षपण करतो व तयार कणांवर आवरण धरतो. मारक कोण, चांदी की कडुनिंब? केवळ अर्क, केवळ सिल्व्हर नायट्रेट आणि अर्काविना तयार केलेले तेवढ्याच आकाराचे कण अशी तिन्ही नियंत्रणे शेजारी ठेवल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. शिवाय हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत, तर लिशमानिया भक्षक पेशीत राहतो. यजमान पेशीला अपाय किती, हे न मोजता दिलेला मारकतेचा आकडा अपुराच.

वनस्पतिजन्य औषधाला नॅनोकणाची खरी गरज निराळी आहे. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळते व शरीरात लवकर नष्ट होते. आर्टेमिसिनिनही रक्तात फार काळ टिकत नाही. अशा रेणूला मेदाच्या किंवा बहुवारिकाच्या कणात भरून इष्ट पेशीपर्यंत नेणे, हे नॅनोकणाचे काम. हे घडू शकते याचा पुरावा आपल्याच देशात आहे, जरी ते औषध वनस्पतीचे नसून मातीतील स्ट्रेप्टोमायसिसचे असले तरी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बिहारमधील चाचणीत लायपोसोममधील अॅम्फोटेरिसिन-बी शरीराच्या दर किलोस १० मिलिग्रॅम या प्रमाणात एकदाच दिले गेले. सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले. जुन्या पद्धतीत त्यासाठी एक दिवसाआड १५ मात्रा लागत. लायपोसोम भक्षक पेशीच गिळतात आणि परजीवीही तेथेच असतो. यशाचे मर्म या योगात आहे.

२०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी शोधनिबंधांना गुण दिले, तेव्हा स्वस्त व झटपट साचा लोकप्रिय झाला तर नवल नाही. पण धारणी-चिखलदऱ्यातील तापाच्या रुग्णाला तपकिरी द्रावणाचा उपयोग नाही. अकोल्यात पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था आहे. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या थायलेरियासारख्या परजीवीवर, पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली, कण आणि अर्क वेगवेगळे तपासून पाहण्यास यापेक्षा जवळची जागा कोणती?