‘कोविडचा पर्यटनावर परिणाम’ हा विषय घेताय? आधी वेरूळला जाऊन या



पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. वाणिज्य, अर्थशास्त्र, भूगोल, पर्यटन, कुठल्याही विभागाच्या कट्ट्यावर बसा, एक विषय हमखास कानावर येतो: ‘कोविड-१९ चा औरंगाबाद जिल्ह्यातील पर्यटन व्यवसायावर झालेला परिणाम: एक चिकित्सक अभ्यास’. विषय चांगलाच आहे. आपल्या जिल्ह्यात अजिंठा आणि वेरूळ अशी दोन जागतिक वारसास्थळं आहेत, त्यावर हजारो घरं चालतात, आणि ती घरं कशी बसली हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. तक्रार विषयाबद्दल नाही, तो ज्या साच्यात लिहिला जातो त्याबद्दल आहे.

साचा तुम्हालाही पाठ असेल. पहिल्या प्रकरणात लेण्यांचा इतिहास. मग गूगल फॉर्म, ओळखीतून मिळालेले शंभर उत्तरदाते, ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशी पाच खान्यांची पट्टी, शेवटी काय-स्क्वेअर. निष्कर्ष: कोविडचा पर्यटनावर लक्षणीय प्रतिकूल परिणाम झाला. अहो, हे वेरूळच्या रसवंतीवाल्याला मार्च २०२० मध्येच माहीत होतं! त्यासाठी पीएच.डी. कशाला? शीर्षकात ‘चिकित्सक’ लिहिलं म्हणजे अभ्यास चिकित्सक होत नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ‘कोविडचा परिणाम’ असं एकच कारण नसतंच. त्यात रोगाची भीती, बंदीचा आदेश आणि आधीपासूनची दुखणी एकत्र कालवलेली असतात. ती वेगळी केली नाहीत तर तुमचा निष्कर्ष खोटा ठरणार नाही, पण निरुपयोगी ठरेल.

एका गावाची दोन दारं

आधी तारखा बघू. केंद्र संरक्षित स्मारकं देशभर १७ मार्च २०२० पासून बंद झाली. ६ जुलैला केंद्राने ती उघडायला परवानगी दिली, पण प्रत्यक्ष निर्णय राज्य आणि स्थानिक प्रशासनावर सोडला. ताजमहाल २१ सप्टेंबरला उघडला. आपली लेणी उघडली १० डिसेंबरला. म्हणजे २६८ दिवस कुलूप, आणि ताजपेक्षा ८० दिवस जास्त. विषाणू तोच, कुलपाचा काळ वेगळा. हे ८० दिवस तुम्ही ‘कोविड’च्या खात्यात टाकणार की ‘आदेशा’च्या?

आदेश चूक होता असं मी म्हणत नाही. त्यामुळे किती जीव वाचले हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण कारण म्हणून तो वेगळा मोजायला हवा. उद्या नवी साथ आली तर जिल्हा प्रशासन तुम्हाला हेच विचारेल: दार उघडं ठेवलं असतं तर लोक आले असते का?

आता वेरूळला चला. तिथे चालत जाण्याच्या अंतरावर दोन दारं आहेत. एक लेण्यांचं, दुसरं घृष्णेश्वराचं. राज्यातली मंदिरं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली. लेणी उघडायला अजून २४ दिवस लागले. म्हणजे २४ दिवस मंदिर चालू, लेणी बंद. पुढच्या वर्षी नेमकं उलटं झालं. दुसऱ्या लाटेत दोन्ही बंद झाली. लेणी जून २०२१ च्या मध्यात उघडली, मंदिर मात्र ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. मधला सगळा श्रावण मंदिराला कुलूप होतं. ज्योतिर्लिंगाच्या गावात श्रावण म्हणजे काय, हे तिथल्या बेल-फुलवाल्याला विचारा.

संशोधकासाठी ही न मागता मिळालेली प्रयोगशाळा आहे. गाव एक, रस्ता एक, रुग्णसंख्या एक, फक्त दारं वेगवेगळ्या दिवशी उघडली. रोगाची भीती हेच मुख्य कारण असतं, तर उघड्या दारापाशीही शुकशुकाट दिसायला हवा. आदेश मुख्य असेल, तर दार उघडताच तिथल्या दुकानदाराचा गल्ला हलायला हवा. आणि तिसरी शक्यता: बाहेरगावचं कुटुंब दर्शन आणि लेणी एकाच फेरीत करत असेल, तर एक दार बंद म्हणजे अख्खी सहलच रद्द.

अर्थात, लगेच हुरळून जाऊ नका. १६ नोव्हेंबर म्हणजे दिवाळीची सुट्टी, त्यामुळे ती गर्दी मंदिर उघडल्याची की सुट्टीची, हे तपासावं लागेल. २०२१ च्या पावसाळ्यातही निर्बंध बदलत राहिले. पण हे अडथळे मांडणं म्हणजेच संशोधन. मंदिराला तिकीट नाही, मग माणसं कशी मोजणार? दुकानदाराची वही, पार्किंगच्या पावत्या, त्याच्या संमतीने फोनमधला यूपीआयचा हिशेब. ‘तुमचं उत्पन्न किती टक्के घटलं?’ असं तीन-चार वर्षांनी विचारलं तर माणूस अंदाजे ‘ऐंशी टक्के’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, पण ती आठवण असते, नोंद नसते.

‘आधी’ म्हणजे नेमकं कधी?

साच्यातली दुसरी चूक म्हणजे २०१९-२० हे सरळ ‘कोविडपूर्व सामान्य वर्ष’ धरणं. ते आपल्याकडे सामान्य होतं का? १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, आपलं मुंबईचं विमान त्यात गेलं. अजिंठ्याकडे जाणारा जळगाव रस्ता रुंदीकरणासाठी उखडलेला होता. म्हणजे अजिंठ्याचा पर्यटक साथ येण्याआधीच धक्के खात होता. उलट फेब्रुवारी २०२० मध्ये इंडिगो सुरू झाली आणि हॉटेलवाल्यांना जरा हुरूप आला, तोच मार्च उजाडला. घसरलेल्या वर्षाशी तुलना केली तर कोविडचं नुकसान कमी दिसेल. पाच वर्षं मागे जाऊन चांगलं वर्ष निवडलं तर रस्त्याचं आणि विमानाचं पापही कोविडच्या माथी जाईल. त्यामुळे एक वर्ष नको, निदान सात-आठ वर्षांची महिनावार मालिका घ्या.

सावरण्याच्या काळातही हेच. अजिंठ्याला टी पॉइंटपासून लेण्यांपर्यंत नेणारी बस एसटीची. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या महिन्यांचे आकडे ‘पर्यटक अजून घाबरत होते’ याचा पुरावा म्हणून वापरण्याआधी बस कशी चालू होती ते विचारा.

थीम पार्कची फूटपट्टी

साथ आणि पर्यटन यावरचं परदेशी साहित्य वाचताना थीम पार्क, विमान कंपन्या, हॉटेलच्या साखळ्या यांचीच उदाहरणं जास्त भेटतात. कारण सोपं आहे: तिथे मोजणं सोपं. शांघाय डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० ला बंद झालं, ११ मे ला उघडलं. एक दार, एक मालक, एक ताळेबंद. आपल्याकडे खोपोलीचं इमॅजिका शेअर बाजारात नोंदलेलं, त्यामुळे त्याचे तिमाही निकाल घरबसल्या मिळतात.

पण तिथेही ‘आधी’चा प्रश्न सुटत नाही. इमॅजिकावर कर्जाचा डोंगर साथीच्या आधीपासून होता. २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेलं, ते एकट्या कोविडमुळे असं लिहिणं घाईचं होईल. हाँगकाँग डिस्नेलँडचंही तसंच. २०१९ च्या आंदोलनांनी तिथली गर्दी साथीआधीच ओसरली होती.

वेरूळला तर मालकच नाही. तिकीट पुरातत्त्व खात्याचं, गाइड स्वतंत्र, रिक्षा कर्जावरची, टोप्या-माळा विकणारा आपल्या जोखमीवर उभा. थीम पार्क बंद झालं की तोटा ताळेबंदात दिसतो. इथला तोटा शंभर घरांच्या किराणा उधारीत विखुरतो. म्हणून तिथली प्रश्नावली उचलून मराठीत आणली की काम होत नाही.

तिकिटाचा आकडा काय सांगतो, काय लपवतो

भारतीयाला तिकीट ४० रुपये, परदेशी पर्यटकाला ६००. एक काल्पनिक हिशेब करा. आधी हजार पर्यटक यायचे, त्यात ५० परदेशी. गल्ला ६८ हजार. आता हजारही भारतीय. गल्ला ४० हजार. पर्यटकांची घट शून्य, उत्पन्नाची घट ४१ टक्के. ‘पर्यटन सावरलं’ की नाही? दोन्ही उत्तरं बरोबर, आणि म्हणूनच प्रश्न नीट विचारला पाहिजे. पर्यटक व्हिसा मार्च २०२० मध्ये थांबले आणि नियमित आंतरराष्ट्रीय विमानं थेट २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. जपानी किंवा फ्रेंच शिकून गाइड झालेल्या माणसासाठी १० डिसेंबरला लेणी उघडली, पण काम उघडलं नाही.

शिवाय पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आणि सार्क व बिमस्टेक देशांच्या पर्यटकांना भारतीय दर. म्हणजे थायलंडहून आलेला बौद्ध यात्रेकरू ४० रुपयेच देतो. तिकिटाचा वर्ग आणि पासपोर्ट ही दोन वेगळी चलं आहेत, एकत्र करू नका.

मोठा आकडा वाचताना

या विषयात सगळे जण एनसीएईआरचा २०२१ चा अहवाल उद्धृत करतात. त्यानुसार २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत पर्यटनातल्या १ कोटी ४५ लाख नोकऱ्या गेल्या, दुसरीत ५२ लाख, तिसरीत १८ लाख. पर्यटनाच्या थेट मूल्यवर्धनातली घट पहिल्या तिमाहीत ४२.८ टक्के, तिसरीत फक्त १.१ टक्के. अहवाल महत्त्वाचा आहे. पण तिसरी तिमाही म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२०. त्यातल्या ९२ दिवसांपैकी ७० दिवस आपली लेणी बंद होती! मग १.१ टक्के कुठला?

आकडा चुकीचा आहे असं नव्हे. तो टुरिझम सॅटेलाइट अकाउंटच्या चौकटीतून काढलेला देशपातळीवरचा अंदाज आहे. पर्यटनाचा जुना वाटा नव्या काळालाही लावला गेलाय का, हे पद्धतीच्या प्रकरणात जाऊन तपासा. नुसता गोषवारा वाचून प्रस्तावनेत चिकटवू नका. देशाची सरासरी फर्दापूरच्या दगडविक्याला लागू होत नाही.

कोण मोजलंच गेलं नाही?

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. माझ्याही पहिल्या सिनॉप्सिसमध्ये नमुना होता ‘सध्या कार्यरत हॉटेल आणि ट्रॅव्हल व्यावसायिक’. वाक्य नीट वाचा. ‘सध्या कार्यरत’. म्हणजे जे बुडाले, ज्यांनी गाडी विकली, जे वाळूजच्या कंपनीत लागले किंवा गावी शेतात गेले, ते यादीतच नाहीत. मग वाचलेल्यांना विचारून ‘व्यवसाय चिवट निघाला’ असा निष्कर्ष काढायचा. साथीचा परिणाम मोजायला निघालो, आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त परिणाम झाला त्यालाच वगळलं.

याचा संबंध मदतीशी आहे. जून २०२१ मध्ये केंद्राने पर्यटनासाठी कर्जहमी योजना जाहीर केली: १०,७०० मान्यताप्राप्त गाइडना एक लाखापर्यंत, प्रवास संस्थांना दहा लाखांपर्यंत. ज्याच्याकडे मान्यतेचं ओळखपत्र तो यादीत. अजिंठ्याला डोली उचलणारा, गारगोट्या विकणारा, मकबऱ्यासमोर फोटो काढणारा त्या यादीत नव्हता. तुमच्या नमुन्यातही तो नसेल तर सरकारी यादी आणि प्रबंध एकाच डोळ्याने बघतायत.

म्हणून आरआरसीला जाण्याआधी चार गोष्टी करा. बंदीच्या आणि उघडण्याच्या तारखांचा तक्ता बनवा, दाराप्रमाणे. कोविडआधीची दुखणी वेगळ्या स्तंभात लिहा. २०१९ च्या व्यावसायिकांची जुनी यादी मिळवा आणि आज त्यातलं कोण नाही ते शोधा. संदर्भ शोधताना औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही नावं टाका, नाहीतर निम्मं साहित्य हुकेल.

आणि एक दिवस वेरूळला जा. मंगळवारी लेणी बंद असतात, तोच वार निवडा. कोणाचं दुकान उघडं आहे आणि कोणाचं नाही, एवढंच वहीत लिहून आणा.