सिंहलची लेक, चितोडची राणी

‘चित्तूर राणी पद्मिनी’ हा तमिळ चित्रपट १९६३ साली प्रदर्शित झाला. शिवाजी गणेशन राणा रतनसिंहाच्या, वैजयंतीमाला पद्मिनीच्या आणि एम. एन. नंबियार अल्लाउद्दीन खिलजीच्या भूमिकेत, असा मातब्बर संच असूनही त्याला मोठे यश लाभले नाही. तमिळ चित्रपटाच्या इतिहासात त्याचा उल्लेख ओझरताच होतो. तरीही त्याची दखल घ्यावी असे आम्हांस वाटते. दंतकथेतील राणीवर हक्क कोणाचा, तिच्या भूमीचा, तिच्या वंशाचा की ती कथा सांगणाऱ्याचा, या प्रश्नाचे एक उत्तर हा चित्रपट नकळत देऊन गेला आहे.

इतिहास व आख्यायिका यांची सीमारेषा आधी ध्यानी घ्यावयास हवी. अल्लाउद्दीनाने १३०३ साली चितोड घेतले, हा इतिहास. त्या मोहिमेचा वृत्तान्त लिहिणाऱ्या अमीर खुसरोच्या ‘खजाइनुल फुतूह’मध्ये पद्मिनीचे नाव नाही. ती आपल्यासमोर ठसठशीतपणे उभी राहते ती मलिक मुहम्मद जायसीच्या ‘पद्मावत’ या अवधी काव्यात, म्हणजे १५४० साली, चितोड पडल्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी. जायसीची पद्मावती चितोडची नव्हे, सिंहलद्वीपाची राजकन्या आहे. हिरामन पोपटाच्या तोंडून तिचे वर्णन ऐकून रतनसेन जोगी होऊन समुद्र ओलांडतो. सतराव्या शतकात आलाओल या कवीने आराकानच्या दरबारी ही कथा बंगालीत आणली. १८२९ साली कर्नल टॉडने ती राजस्थानच्या वृत्तान्तात गोवली. परमुलखातून आलेली ही राणी मेवाडात रुजली, तशी तिची कथाही मुलूखोमुलखी जाऊन तिथलीच होऊन राहिली.

या दृष्टीने पाहता मद्रासच्या चित्रपटसृष्टीने पद्मिनी उभी करणे हे परक्या घरातील उसनवारी नव्हते. राणीचे माहेरच मुळी दक्षिणेच्या समुद्रापलीकडचे! आणि तिच्या भूमिकेसाठी निवडलेली अभिनेत्री भरतनाट्यमची मुरलेली नर्तकी होती. दंतकथेतील पद्मिनी ही पडद्याआडची स्त्री. शत्रूच्या नजरेस पडावयाचे ते तिचे केवळ आरशातील प्रतिबिंब. तमिळ चित्रपटाने तीच राणी नृत्यनिपुण अभिनेत्रीच्या देहातून प्रेक्षकांसमोर आणली, आणि ‘राणी नाचते कशी?’ असा गहजब तेव्हा झाला नाही.

येथे एक धागा आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. भरतनाट्यमच्या कचेरीचा आजचा क्रम ज्या चार बंधूंनी बांधला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाखाली वाढले. १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणाऱ्या सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. पुढे १८८० साली तंजावरच्या राजकन्येचा विवाह बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी झाला. चिमणाबाई हे नाव घेऊन आलेल्या त्या राणीबरोबर तंजावरच्या नर्तकीही बडोद्यास आल्या. दक्षिणेची लेक पश्चिमेकडील राज्यात नांदावयास येते आणि माहेरची कला सोबत आणते, हा प्रसंग आपल्या एका जुन्या नगरीने प्रत्यक्ष पाहिलेला आहे. दुसरा धागा रतनसिंहाच्या नटाचा. अण्णादुरै यांच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यामुळे गणेशन यांच्या नावामागे ‘शिवाजी’ लागले, आणि ते जन्मभर राहिले. आपल्या राजाचे नाव तमिळ रंगभूमीने इतक्या आपुलकीने घेतले, त्याचा आपणांस कधी सल वाटला नाही, अभिमानच वाटला.

याच्या उलट दृश्य २०१७ साली दिसले. संजय लीला भन्साळी यांच्या हिंदी चित्रपटाच्या चित्रीकरणावर जानेवारीत जयपुरात हल्ला झाला आणि मार्चमध्ये कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावरील त्याचे नेपथ्य जाळण्यात आले. ‘पद्मावती’चे ‘पद्मावत’ करावे लागले. घूमर नाचणाऱ्या राणीची उघडी कंबर संगणकाच्या साहाय्याने झाकावी लागली. काही राज्यांची बंदी १८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली, तेव्हा कोठे तो प्रदर्शित झाला.

यावरून १९६३चा तमिळ प्रेक्षक अधिक उदार होता, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. त्याच्या लेखी पद्मिनी कोणाचीही पूर्वज नव्हती. अंतर असले की सहिष्णुता स्वस्तात मिळते. परंतु अंतराची हानीही असते. दूरची राणी ही अलंकार, सिंहासन आणि संवाद यांच्या ठरीव चौकटीत सहज बसविता येते. तिच्या मनाचा ठाव घेण्याची निकड भासत नाही. जवळच्यांनी तिला देव्हाऱ्यात बसवावे आणि दूरच्यांनी शोभेच्या कपाटात, असा हा प्रकार.

जायसीने या दोहोंपलीकडचे काही दिले होते. पती कैदेत पडल्यावर त्याची पद्मावती हातपाय गाळून बसत नाही. गोरा व बादल यांच्या दारी स्वतः जाते, त्यांना लढण्यास उभे करते. सौंदर्य व जोहार यांच्यामध्ये तिची ही कर्तबगारी आहे. २०१८च्या हिंदी चित्रपटात मात्र शेवटचा जोहार इतका देखणा झाला आहे की आगीचे भयच उरत नाही. मरणारी स्त्री चित्रासारखी सुंदर दिसते, आणि प्रेक्षक तिच्या मरणाला प्रश्न विचारावयाचे विसरतो. आमच्या मते राणीचा खरा अवमान झाला असेल तर तो तिच्या नृत्यात नव्हे, येथे आहे.

इंदूरच्या अहिल्याबाई असोत की ग्वाल्हेरीस देह ठेवणाऱ्या लक्ष्मीबाई, आपल्या घराघरांतून जपलेल्या राण्या ऐतिहासिक आहेत. त्यांच्या बाबतीत कागदपत्रांशी इमान राखण्याचा आग्रह योग्यच. परंतु उद्या त्यांची कथा दुसऱ्या भाषेने, दुसऱ्या कलेच्या अंगाने सांगितली, तर आपण प्रथम काय तपासणार? साडीचा काठ, की व्यक्तीचे सत्त्व? पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून आपली भाषा आपण टिकविली, ती काही कोंडून ठेवून नव्हे. कथांचेही तसेच आहे. ‘चित्तूर राणी पद्मिनी’ थोर कलाकृती आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र सिंहलची लेक चितोडची झाली, तशी ती तमिळही होऊ शकते, एवढे तिने दाखविले. आणि तेवढ्यासाठी तिचे स्मरण ठेवणे उचित होय.